टिचकीशिवाय एक तास

दुपारचे दोन वाजून सात मिनिटं झाली आहेत आणि ती मनगटाच्या हाडांपर्यंत पोहोचली आहे. आतल्या खोलीची खिडकी बंद आहे, खिडकीच्या फटीत जुना टॉवेल कोंबलेला आहे, दारावर आतून जाड रजई टांगली आहे. डोक्यावरचा पंखा बंद. टेबलावर मायक्रोफोन, समोर उघडं पुस्तक, उजव्या हाताला कॉम्प्युटरचा स्क्रीन. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आहे आणि तिच्यात शून्य हा आकडा आहे. तासभर तो शून्यच राहिला पाहिजे.

"पान एकशे ब्याऐंशी," ती वाचते. मग क्षणभर थांबते. "मनगटात आठ लहान हाडं असतात. ती दोन ओळींत मांडलेली असतात."

हे ती या आठवड्यात पाचव्यांदा वाचते आहे. आठही हाडांची नावं आता तिला न बघता येतात.

बाविसाव्या मिनिटाला चौकटीतला शून्य जाऊन तिथे एक आला. पाठोपाठ तीन. ती परिच्छेद संपेपर्यंत वाचत राहिली, कारण वाक्य अर्धवट सोडायची तिला सवय नाही. मग तिने रेकॉर्डिंग थांबवलं, पदराने मान पुसली आणि रजई बाजूला सारून बाहेर आली.

बाहेरच्या खोलीत पलंगावर तिचे सासरे होते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी गोदामात क्रेन चालवली. आता पक्षाघातामुळे डावी बाजू जवळजवळ त्यांच्या कह्यात नाही. जीभ मात्र परत आली आहे, जराशी घसटत.

"काय सूनबाई, पुस्तक वाचून आलीस की अंघोळ करून?"

"वाचून."

"कितीवर आउट?"

"बावीस."

"कालच्यापेक्षा बरी खेळलीस," अण्णा म्हणाले आणि डोळे मिटून पडले.

ती अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचते. वाचते म्हणजे मायक्रोफोनसमोर मोठ्याने वाचते. ग्रंथालय त्या फायली तपासून विद्यार्थ्यांना देतं. अकरा वर्षं हे काम चालू आहे. त्याआधी ती एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. बोर्ड बदलला, मशीनच फोन उचलू लागलं, आणि तिच्या खुर्चीची गरज संपली. ग्रंथालयाच्या जाहिरातीत स्पष्ट उच्चार आणि शांत घर अशा दोन अटी होत्या. पहिली तिच्याकडे होती. दुसरी तिने रजई टांगून तयार केली.

कायदा, करआकारणी, वनस्पतिशास्त्र, बँकेच्या परीक्षेची तीन पुस्तकं, आणि आता शरीररचना. फिजिओथेरपी शिकणाऱ्यांसाठीचं हे पुस्तक अर्धं वाचून झालं आहे. वाचलेलं तिला अर्धंमुर्धं कळतं आणि तसं ती सांगूनही टाकते. ग्रंथालयाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पानाचा आकडा सांगावा लागतो. ती तो सांगते, आणि नंतर पान उलटायला लागेल तेवढाच वेळ थांबते. बाकीचे वाचक थांबत नाहीत. विद्यार्थ्यांना तिचं नाव माहीत नाही. ते काउंटरवर येऊन पानताईंची पुस्तकं मागतात. त्यांच्यापैकी दोघांनाच ती आजवर प्रत्यक्ष भेटली आहे.

गेल्या महिन्यात ग्रंथालयाने नवा नियम काढला. घरून वाचणाऱ्यांपैकी काहींच्या फायली तुटक येत होत्या. मध्येच टिच् असा आवाज, मध्येच अर्धा शब्द गायब. दोष आवाजाचा नसून घरच्या जुन्या कॉम्प्युटरांचा आहे, असं ठरलं. म्हणून प्रत्येक घरच्या मशीनची चाचणी. ग्रंथालयाने एक छोटा प्रोग्राम पाठवला. रेकॉर्डिंग चालू असताना तो शेजारी बसून मोजतो की मशीनच्या हातून आवाज किती वेळा निसटला. सलग एक तास रेकॉर्डिंग, निसटण्याचा आकडा शून्य. ज्यांचं मशीन उत्तीर्ण होईल त्यांनी घरून वाचावं. बाकीच्यांनी ग्रंथालयाच्या स्टुडिओत यावं. तिथे सगळी सोय आहे.

तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात. अण्णांना तेवढा वेळ एकटं ठेवता येत नाही. नवरा कुरियरची गाडी चालवतो, सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. म्हणजे मशीन नापास झालं तर वाचन संपलं आणि उरलेली हाडं दुसरं कोणीतरी वाचणार, एवढं सरळ गणित होतं. तिने ते नवऱ्याला एकदाच सांगितलं. सकाळी उठल्यापासून औषधं, मालिश, चादरी, स्वयंपाक, भांडी. या सगळ्यात दुपारचं ते वाचन सोडलं तर दिवसातलं काहीच तिच्या नावावर नव्हतं. हे मात्र तिने सांगितलं नाही.

"नवीन मशीन घेऊ," नवरा म्हणाला.

"घेऊ," ती म्हणाली.

दोघांनाही हे या वर्षी होणारं नाही हे ठाऊक होतं, म्हणून विषय तिथेच मिटला.

प्रत्यक्ष कामात तासभर सलग कोणीच वाचत नाही. ती पंधरा-वीस मिनिटं वाचते, फाईल बंद करते, बाहेर जाऊन अण्णांना बघते, परत येते. अकरा वर्षांत तिला टिचकी ऐकू आली नव्हती ती यामुळेच; मशीन थकायच्या आतच ती उठायची. पण चाचणी सलग तासाचीच होती, आणि चाचणीचे नियम प्रत्यक्ष काम बघून लिहिलेले नव्हते.

वेळही तिच्या हातात नव्हती. घराच्या खाली लेथ मशीनचा छोटा कारखाना आहे. सकाळी नऊपासून तिथे लोखंड कातलं जातं आणि त्याची घरघर जमिनीतून वर येते. दोन ते सव्वातीन कारागीर जेवतात, जरा आडवे होतात. रस्त्यावरची रहदारीही तेव्हा पातळ असते. दिवसातला तेवढाच तुकडा शांत. आणि सगळ्यात गरमही.

पहिल्यांदा चाचणी फसली तेव्हा तिने मशीन पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदार पस्तिशीचा, तोंडाळ, हातात सतत स्क्रू-ड्रायव्हर. त्याने मशीन उघडं करून टेबलावर ठेवलं, मायक्रोफोन जोडला, ग्रंथालयाचा प्रोग्राम लावला, शिवाय स्वतःकडचाही एक लावला, ज्यात एकाच वेळी कितीतरी आवाज रेकॉर्ड करायला लावून मशीनचा जीव काढतात.

"असं समजा ताई," तो म्हणाला, "आवाज नळासारखा येत असतो. मशीन तो बादलीत धरतं. बादली भरली की हौदात ओतायची, परत नळाखाली धरायची. ओतायला जरा उशीर झाला की सांडलं. तुमची टिचकी म्हणजे ते सांडलेलं."

"मग बादली मोठी करा."

"केली. ग्रंथालयवाल्यांनी एका मापापेक्षा मोठी चालत नाही म्हटलंय. तेवढ्यातच जमवायचं."

दीड तासाने त्याने फोन केला. आकडा शून्य. प्रोग्राममधली पट्टी हिरवीगार.

"मशीन ठणठणीत आहे. जुनं आहे, पण खोड नाही काही."

घरी आणलं, जोडलं, दुसऱ्या दिवशी दोनला बसली. एकोणिसाव्या मिनिटाला टिचकी.

तिने नवऱ्याकडून त्यातले सिनेमे काढून घेतले. इंटरनेटची वायर उपटली. जे जे म्हणून मागे गुपचूप चालतं ते ते शोधून बंद केलं. सव्वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी काहीही न बदलता पुन्हा वीस. मशीन परत दुकानात नेलं. तिथे तासभर, मग आणखी तासभर, एक थेंब सांडला नाही.

"मला वाटतं तुमचं घर त्याचं सासर आहे," दुकानदार म्हणाला. "माहेरी आलं की एकदम तब्येत बरी."

ती हसली नाही. मशीन जड होतं आणि तिला ते पुन्हा जिना चढवायचं होतं.

"हसा की ताई."

"सुटी मिळाली की हसते."

त्या संध्याकाळी तिने ग्रंथालयातल्या तपासनिसांना फोन केला. प्रत्येक फाईल हेच गृहस्थ ऐकतात. ते स्वतः जन्मांध आहेत आणि दुप्पट वेगाने ऐकतात, कारण माणसाच्या नेहमीच्या वेगाने ऐकायला त्यांना कंटाळा येतो. तिच्या अकरा वर्षांच्या सगळ्या फायली त्यांच्या कानाखालून गेल्या आहेत.

"बोला पानताई. आवाज दमलेला येतोय."

"दमलेच आहे. सर, दोन तुकडे करून दिलं तर नाही का चालणार? अर्धा-अर्धा तास?"

"माझ्यापुरतं विचाराल तर चालेल. पण मी नुसता कान आहे, सही दुसऱ्याची लागते. शुक्रवार शेवटचा दिवस धरलाय त्यांनी."

"पंखा लावून बघितलं काल. कारण काही नाही, जीव चालला होता माझाच."

"ऐकलं ना. तुम्ही पाठवलेला नमुना ऐकला. टिचकी एकही नव्हती त्यात. पण पंखा असा आहे की जणू तोच वाचतोय आणि तुम्ही मागे गुणगुणताय."

"टिचकी नव्हती?"

"नव्हती. का?"

"काही नाही," ती म्हणाली. ती तेव्हा अण्णांच्या रात्रीच्या गोळ्या काढत होती आणि एक गोळी जमिनीवर पडून पलंगाखाली गेली होती. फोन ठेवून ती गुडघ्यांवर बसली आणि गोळी शोधू लागली. हातात आलेला धागा तिथेच सुटला.

गुरुवारी दुकानदार स्वतः घरी आला. तिने बोलावलं नव्हतं. मशीन आपल्याकडे पास आणि गिऱ्हाइकाकडे नापास होतं, हे त्याच्याच मनाला लागलं होतं. दोन वाजता त्याने चपला दाराबाहेर काढल्या, अण्णांना नमस्कार केला आणि आत येऊन टेबलाशेजारी स्टुलावर बसला. तिने खिडकीत टॉवेल कोंबला, रजई सोडली, पंखा बंद केला.

"हे काय?"

"पंख्याचा आवाज येतो माइकमध्ये."

"बरं." तो बसला. दोन मिनिटांनी त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं. पाच मिनिटांनी दुसरं. ती वाचत होती, त्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. दहाव्या मिनिटाला त्याने रुमाल काढला आणि टेबलाखाली वाकून मशीनवर हात ठेवायला गेला. हात मशीनला लागलाच नाही. लागली ती रजई. दुसरी रजई. तिन्ही बाजूंनी नीट गुंडाळलेली, वरून दोरीने बांधलेली.

त्याने हात वर करून तिला थांबायची खूण केली.

"ताई, ह्याला थंडी वाजते का?"

"त्याच्या आतला पंखा घोंघावतो. माइकला ऐकू जातं. म्हणून बांधते."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

"आणि माझ्याकडे आणताना?"

"रजईसकट कशी आणणार? सोडून आणते."

त्याने दोरी सोडली, रजई काढली आणि मशीनच्या पाठीवर तळहात टेकवून पटकन मागे घेतला. मग डोकं वर करून बंद पंख्याकडे बघितलं. त्याच्या दुकानात टेबलाच्या बरोबर वर पंखा होता. तो दिवसभर फिरत असायचा. तिथे बसून तो तीन वेळा मशीन पास करून आला होता.

"गरम झालं की हे स्वतःच स्वतःची गती कमी करतं," तो म्हणाला. "जळू नये म्हणून. गती कमी झाली की बादली वेळेवर ओतता येत नाही. अहो, मी इथे दहा मिनिटं बसलो तर माझ्याच्याने बटणं लावून बसवेना. हे बिचारं रजई पांघरून तासभर बसणार कसं?"

"मी बसतेच ना."

त्याने रजईची घडी करून बाजूला ठेवली.

रजई काढून पुन्हा बसले. टिचकी आली नाही, पण मशीनच्या आतला पंखा असा हुंकारू लागला की रेकॉर्डिंगमध्ये कोणीतरी शेजारी घोरत असल्यासारखं वाटत होतं. मशीन या खोलीत ठेवलं तर एक तर ते ओरडणार, नाहीतर सांडणार. शेवटी दुकानदाराने टेप काढून दारापर्यंतचं अंतर मोजलं, दुकानात जाऊन लांब वायरी आणल्या आणि मशीन उचलून बाहेरच्या खोलीत अण्णांच्या पलंगाशेजारी ठेवलं. वायरी दाराखालून आत गेल्या. स्क्रीन, कीबोर्ड आणि माइक आत, मशीन बाहेर.

"पण ही खोली पश्चिमेकडे आहे," तो म्हणाला. "दुपारी ऊन आत येतं. नुसतं ठेवून भागणार नाही, वारा लागेल. छताचा पंखा जोरात सोडा."

छताचा पंखा अण्णांना सोसत नाही. वरून थेट वारा आला की डावा खांदा आखडतो आणि मग रात्रभर कण्हणं. त्यांच्यासाठी पायाशी टेबलफॅन असतो, मंद, भिंतीकडे तोंड करून, म्हणजे वारा आपटून परत येईल. घरात टेबलफॅन तेवढा एकच.

दुकानदार गेल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली.

"अण्णा, उद्या दुपारी एक तास तुमचा पंखा हवाय."

"कुणाला?"

"मशीनला."

"मशीनला घाम येतो?"

"येतो म्हणे."

अण्णांनी बराच वेळ मशीनकडे पाहिलं. "आमच्या क्रेनला नाही यायचा. केबिन तापून माणसाची भाजी व्हायची, पण क्रेन आपली गार." मग म्हणाले, "घे. पण मला काही लागलं तर?"

उशाशी स्टीलची वाटी आणि चमचा असतो. काही हवं असलं की ते वाजवतात. आवाज खणखणीत असतो, शेजाऱ्यांना कळतो.

"वाजवायचं की नेहमीसारखं."

"वाजवलं तर तुझ्या हाडांमध्ये जाईल ते."

"जाऊ दे. लागलं तर वाजवा."

"उद्या नाही झालं तर?"

"तर नाही," ती म्हणाली आणि उठून कुकर लावायला गेली.

शुक्रवारी दोन वाजायच्या आत तिने अण्णांना पाणी दिलं, लघवीची बाटली दिली, पाठीखालची उशी सारखी केली. बाटली हाताशी, लोडाला टेकवून ठेवली. टेबलफॅन भिंतीकडून वळवून मशीनसमोर आणला आणि पूर्ण जोरात सोडला. अण्णांच्या बाजूला वाऱ्याची झुळूकसुद्धा उरली नाही. खिडकीचा पडदा ओढला तरी ऊन त्यातून येतच होतं. दोनला लेथ थांबली. ती आत गेली, रजई सोडली, बसली.

"पान एकशे ऐंशी."

मनगटाच्या हाडांवरून ती सरळ पुढे निघाली, ओळखीच्या रस्त्यावरून जावं तशी. बाविसावं मिनिट आलं. गेलं. चौकटीत शून्य. सव्विसावं गेलं. इथून पुढची पानं तिने मोठ्याने कधी वाचली नव्हती, त्यामुळे गती जरा उतरली. हाताचे स्नायू, कोपर, कोपराला जोडणारे बंध. केसांतून घाम कानामागे उतरत होता आणि तो पुसायला हात हलवला तर बाहीचा आवाज जाईल म्हणून ती पुसत नव्हती. चाळीस. पंचेचाळीस. घशाला कोरड पडली. परिच्छेद संपल्यावर तिने नुसती लाळ गिळली, पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही. पन्नास. बावन्न. शून्य, शून्य.

तीन वाजून एक मिनिटाने तिने वाक्य पुरं केलं आणि रेकॉर्डिंग थांबवलं. पट्टी हिरवी झाली. ती लगेच उठली.

बाहेरच्या खोलीत फॅन मशीनवर घरघरत होता. अण्णांचा बनियन छातीला चिकटला होता. बाटली पलंगाखाली पायपुसण्यावर पडली होती. चादर मधोमध ओली होती आणि अण्णांचा उजवा हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता, अजून बाटलीपर्यंत पोहोचायचा प्रयत्न चालू असल्यासारखा. चमचा वाटीत होता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. शून्य."

"मग चादर बदल."

तिने आधी फॅन भिंतीकडे वळवला. मग कूस वळवून चादर काढली, अंग पुसलं, कोरडं नेसवलं. या कामात तिचे हात आपोआप चालतात. ती बनियन डोक्यातून काढत होती तेव्हा म्हणाली, "वाजवायचं होतं."

"वाजवलं की."

ती थांबली नाही. उजवा, चांगला हात बाहीतून आधी काढावा लागतो, तो काढला.

"मला नाही ऐकू आलं," ती म्हणाली.

"बरं," अण्णा म्हणाले.

फाईल त्याच संध्याकाळी नवऱ्याने पाठवली. शनिवार-रविवार ग्रंथालय बंद असतं. त्या दोन दिवसांत अण्णांच्या पाठीवर घामोळं उठलं आणि तिने दर चार तासांनी पावडर लावली. अण्णांनी तक्रार केली नाही आणि थट्टाही केली नाही. नवऱ्याने विचारलं, "अण्णा गप्प का आहेत?" ती म्हणाली, "गरमी." यात खोटं काहीच नव्हतं.

सोमवारी सकाळी साडेअकराला तपासनिसांचा फोन आला. ती भाजी चिरत होती. फोन खांद्याने कानाशी धरून ती चिरत राहिली.

"पानताई, ऐकली तुमची फाईल. पूर्ण. या वेळी दुप्पट वेगाने नाही, साध्या वेगाने ऐकली. सही करणाऱ्यांना तसं लिहून द्यावं लागतं."

"मग?"

"टिचकी एकही नाही. पंखा नाही. घोरणं नाही. आवाज स्वच्छ." मग ते म्हणाले, "एक्कावन्नाव्या मिनिटाला दाराबाहेर कुठेतरी भांडं वाजलं. एकदाच. फार बारीक आहे, डोळसांना कळणार नाही."

सुरी थांबली.

"आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात," तपासनीस म्हणाले, "तुम्ही 'आतल्या बाजूला'च्या जागी 'बाहेरच्या बाजूला' वाचलंत. मग थांबून दुरुस्त केलंत. त्या तासात तेवढीच एक चूक आहे तुमची."

तिने सुरी ताटात ठेवली. त्यांनीही घाई केली नाही. फोनवरची शांतता त्यांना इतरांपेक्षा जास्त ऐकू येते.

"ते लिहिणार का, सर?" शेवटी तिने विचारलं.

"चाचणी मशीनची होती. भांडं काही मशीनने वाजवलं नाही. मशीन पास. तसं लिहिलंय मी आणि सहीसुद्धा झालीये." मग त्यांनी आवाज बदलला, कामाचा केला. "पुढचे पाठ लवकर द्या. परीक्षेला बसणारे सातजण वाट बघतायत. आणि आता सलग वाचू नका. तास वगैरे फक्त चाचणीपुरतं होतं. नेहमीसारखे छोटे तुकडे पाठवा."

"हो," ती म्हणाली.

फोन ठेवून तिने भाजी पुरी केली, कढई चढवली आणि बाहेर आली. अण्णा जागे होते.

"मशीन पास झालं," ती म्हणाली.

"पंख्याचं बिल कुणाच्या नावावर?"

चार दिवसांत त्यांनी काढलेला हा पहिला फटका होता, आणि तोही काही फार जोरात नव्हता. ती पलंगाच्या कडेला टेकली. उजवीकडे दाराखालून वायरी आत गेल्या होत्या. त्या दोघांच्याही पायात येत होत्या आणि त्यांना टेप लावून जमिनीला चिकटवायचं काम राहिलं होतं.

"एकदाच का वाजवलं?" तिने विचारलं.

अण्णांनी छताकडे बघितलं. "एकदा वाजवल्यावर तू जरा थांबलीस. ऐकू आलं मला. मग परत वाचायला लागलीस. म्हटलं, असेल थोडंच उरलेलं."

"दहा मिनिटं उरली होती."

"जास्त होती मग."

"हो."

खाली लेथ चालू होती आणि तिची घरघर पलंगाच्या पायांतून येत होती. ती उठली, मशीनच्या मागे साचलेली धूळ ओल्या फडक्याने पुसली, कढईखालचा गॅस कमी केला. मग तिने घड्याळाला तीन गजर लावले: दोन वीस, दोन चाळीस, तीन. गजराचं घड्याळ आतल्या टेबलावर, माइकपासून लांब, पुस्तकांच्या मागे ठेवलं.

उद्या मंगळवार. पावणेदोनला अण्णांना बाटली दिली जाईल, दोनला लेथ थांबेल, फॅन मशीनकडे वळेल आणि पान दोनशे चारपासून वाचन सुरू होईल. पहिली फाईल वीस मिनिटांची असेल. ती संपली की आतलं दार उघडेल.